स्मार्ट होम विकताय? आधी कूलरचं बोला



स्मार्ट होमचं गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कंपनी कोणती घेऊ?" आपणही लगेच डेमो बोर्डाकडे वळतो, मोबाइलवरून दिवा लावून दाखवतो, रंग बदलून दाखवतो. गिऱ्हाईक खुश. माझं मत विचाराल तर कंपनीचं नाव तिसऱ्या-चौथ्या नंबरवर यावं. आधी विचारा, "दुपारी बारा ते पाच तुमच्या घरी कोण असतं?"

कारण ज्याच्या मोबाइलमध्ये ॲप आहे तो त्या वेळी ऑफिसात असतो. घरी असतात आई-बाबा, शाळेतून आलेली पोरं, कामाला येणाऱ्या मावशी. पसंती एकाची आणि वापर दुसऱ्याचा, असा हा माल आहे.

नागपुरात याचा खरा कस लागतो तो कूलरवर. मार्च संपला की गिऱ्हाईक म्हणतंच, "भाऊ, कूलर पण मोबाइलवर आणून द्या ना." आता चित्र डोळ्यासमोर आणा. टाकीतलं पाणी संपलं म्हणून आईनं खटका बंद केला आणि ती पाइप लावून पाणी भरते आहे. त्याच वेळी पोरगा ऑफिसातून, आईला गार वाटावं म्हणून, ॲपवर कूलर सुरू करतो. लोखंडी बॉडी, ओली जमीन, अर्थिंगचा पत्ता नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना स्विच बंद करा आणि प्लगही काढा, असं महावितरण दरवर्षी सांगतं, ते उगाच नाही.

यातली तांत्रिक गोष्ट अनेक दुकानदार समजावून सांगत नाहीत. जुन्या बोर्डात खटका वर म्हणजे बंद, खाली म्हणजे सुरू. ही सवय आपल्या हाडात बसली आहे. मागे मॉड्यूल बसलं की हा अर्थ संपतो. खटका वर असतानाही ॲपवरून करंट सुरू होऊ शकतो. नुसतं बघून बंद-सुरू कळत नाही, आणि हे आईला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी कूलरला मॉड्यूल लावायला नाही म्हणतो. एका मॉड्यूलची विक्री जाते, जाऊ द्या. त्याऐवजी अर्थिंग तपासून द्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी विका. गिऱ्हाईकाचे पैसे योग्य जागी लागतात, तुमचंही दुकान चालतं.

काही जण म्हणतात, मोबाइल नको तर सेन्सर लावू, तापमान वाढलं की कूलर आपोआप सुरू होईल. राजेहो, ३० मे २०२४ आठवतं का? आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी केंद्राचं हे होतं, तर कूलरशेजारी टांगलेल्या स्वस्त सेन्सरच्या भरवशावर पाण्यातली मोटर सोडायची?

बाकी दिवे-पंखे खुशाल स्मार्ट करा. फक्त भिंतीवरचे खटके ठेवा. चकचकीत टच पॅनल डेमोत छान दिसतं, पण चष्मा नसताना आजोबांना रात्री बाथरूमचा दिवा त्यावर शोधावा लागतो. जुन्या खटक्यामागे बसणारं मॉड्यूल घ्या. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथेच मिळतो. जिन्यातल्या एकट्या स्विचमागे तो बहुधा नसतो, म्हणून कोटेशन देण्याआधी बोर्ड उघडून बघा. आणि गीझरला साध्या दिव्याचं मॉड्यूल लावू नका, २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो.

लाइट जाऊन आल्यावर काय होतं, हेही गिऱ्हाईकासमोर मेन स्विच पाडून दाखवा. काही मॉड्यूल करंट आला की आपोआप सुरू होतात. सेटिंगमध्ये 'बंद' निवडता येतं, पण ते कोणी बघत नाही. इंटरनेट बंद करूनही दाखवा. अमेरिकेत २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन कंपनीनं न सांगता सर्व्हर बंद केले आणि लोकांची ॲप्स एका रात्रीत कुचकामी झाली. घरातल्या घरात, नेटशिवाय चालणारी सिस्टिम असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

बोलून दिवा लावायचा शौक असेल तर तोही करा. अलेक्साला २०१९ पासून हिंदी येतं. पण घरभर मराठी बोलणाऱ्या आजीनं पंख्यासाठी हिंदी बोलावं, ही अट घालू नका. तिच्यासाठी रेग्युलेटर आहे तो राहू द्या.

एक नाजूक विषय. बहुतेक घरांत ॲपचा मालक नवरा असतो. बायकोला लॉगिन नाही, पण हॉलमधल्या कॅमेऱ्यात ती दिवसभर दिसते. याला मी फॅमिली सिस्टिम म्हणत नाही. कॅमेरा लावायचा की नाही, कुठे लावायचा, हे घरी राहणाऱ्या बाईला विचारून ठरवा, आणि विचारताना नवऱ्यानं मध्ये बोलू नये एवढं बघा. किमान दोन मोठ्या माणसांना पूर्ण अधिकाराचं लॉगिन द्या. आपल्या इन्स्टॉलरनं सेटअपसाठी स्वतःचा नंबर किंवा ईमेल टाकला असेल तर तो त्याच दिवशी काढायचा. परक्या माणसाच्या मोबाइलमध्ये घराची चावी राहता कामा नये.

काम संपल्यावर बिलासोबत एक मराठी कागद द्या. कोणता खटका कशाचा, कोणत्या खटक्यामागे मॉड्यूल आहे, सगळं बंद पडलं तर मेन कुठे, आणि तुमचा फोन नंबर. मोठ्या अक्षरात. तो कागद आईच्या हातात द्यायचा, आणि तिच्याकडूनच एकदा सगळे दिवे लावून बघायचे.