डोंगरात मदत मागायची कशी?

गेल्या आषाढातली गोष्ट. घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीवर भाताची रोपं पाहायला गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास वरच्या घळीत आरडाओरडा ऐकू आला. शहरातून आलेल्या पाच पोरांपैकी एकजण शेवाळावरून घसरला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. पाचही जणांकडं भारी मोबाईल. तिघांच्या बॅटऱ्या फोटो काढून काढून संपलेल्या, एकाचा फोन भिजून बंद, पाचव्याचा चालू पण रेंज नाही. एकाच्या सॅकमध्ये परदेशातल्या नातेवाईकानं दिलेलं उपग्रहावर चालणारं यंत्रही होतं. पण त्याची वर्गणीच भरलेली नव्हती.

शेवटी वाडीतला एक गुराखी घोंगडी पांघरून अर्ध्या तासाची चढण चढला. तिथं एक कातळ आहे, वाडीवाले त्याला ‘रेंजचा दगड’ म्हणतात. तिथून त्यानं आपल्या बटणाच्या मोबाईलवरून १०८ ला फोन लावला. बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि रात्री नऊला त्या पोराला डांबरी रस्त्यावर आणलं.

माझा विषय शेतीचा. पण विस्तार कार्यकर्त्याला महिन्यातले निम्मे दिवस अशाच वाड्यावस्त्यांवर पायी जावं लागतं. त्यामुळं डोंगरात मदत मागायचं साधन कोणतं असावं, याचा विचार मलाही करावा लागतो. हल्ली पावसाळा लागला की डोंगरात फिरायला येणाऱ्यांची रीघ लागते. म्हणून दोन शब्द स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट उपग्रहाच्या यंत्रांची. परदेशात डोंगरात जाणारे लोक ती सर्रास बाळगतात, ते पाहून आपल्याकडंही मागवायची टूम निघाली आहे. पण आपल्या देशात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी उपग्रह फोन वापरला, त्यानंतर याबाबत सरकार फारच कडक झालं. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन तर चालतच नाहीत. जे काही मिळतं ते दूरसंचार खात्याच्या परवानगीनं, बीएसएनएलमार्फत. अशी यंत्रं जवळ सापडली म्हणून परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवून गुन्हे दाखल झाल्याचं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. तेव्हा हौसेपायी ही विकतची डोकेदुखी घेऊ नये.

वॉकीटॉकीचं थोडं वेगळं आहे. कमी ताकदीच्या, ४४६ मेगाहर्ट्झच्या ठराविक पट्ट्यात चालणाऱ्या संचांना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. पण बाजारात मिळणारा प्रत्येक संच त्यात बसतो असं नाही. बेकायदा संचांच्या विक्रीला आळा घालण्यासाठी २०२५ मध्ये केंद्राला ऑनलाईन विक्रेत्यांसाठी वेगळी नियमावली काढावी लागली. शिवाय मधे डोंगराची सोंड आली की आवाज अडतो. गटातल्या गटात, पुढच्या-मागच्याशी बोलायला हे साधन चांगलं. तालुक्याला मदत मागायला उपयोगाचं नाही.

मग घ्यावं काय? माझ्या मते खर्च कमी आणि उपयोग जास्त अशा क्रमानं जावं.

एक, निरोप. डोंगरात शिरण्यापूर्वी पायथ्याच्या वाडीत एका घरी सांगून जावं : किती जण, कुठल्या वाटेनं, किती वाजेपर्यंत परत. याला ना चार्जिंग लागतं ना रेंज. वाट चुकलेल्या माणसाला शोधायला निघायचं, तर तो कुठं गेला एवढं तरी कुणाला ठाऊक असावं लागतं.

दोन, बटणाचा मोबाईल. एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो. गटात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असावीत. फोन खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बंद करून ठेवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागू शकतो, म्हणून तो लावून पाहावाच. बोलणं होत नसेल तर एसएमएस टाकावा, कमी रेंजमध्ये तो निसटून जातो. मोठ्या मोबाईलमधलं जीपीएस रेंजशिवायही चालतं. त्यावरचे अक्षांश-रेखांश निरोपात लिहिले तर शोधणाऱ्यांचा वेळ वाचतो.

तीन, शिट्टी आणि टॉर्च. माणसाचा घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टीचा बसत नाही. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा, ही डोंगरातली जगभर मानलेली खूण आहे. उत्तर मिनिटाला तीन वेळा द्यायचं. हे आपल्या गुराख्यांना आणि शाळेतल्या पोरांनाही शिकवायला हवं, नाहीतर शिट्टी वाजते आणि ऐकणारा म्हणतो, पोरं मजा करतायत.

हे झालं फिरायला येणाऱ्यांचं. पण माझं खरं दुखणं पुढं आहे.

त्या रात्री डोली खाली ठेवल्यावर तो गुराखी मला म्हणाला, “साहेब, पाव्हण्याच्या पोरासाठी मी दगडावर गेलो. उद्या रातच्याला माझ्याच घरात कुणाला पान लागलं, तर मी माणूस धरू का दगडावर जाऊ?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळलं ते एका एसटी चालकामुळं. गावातून निरोप बाहेर पोचलाच नव्हता. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेत दरड कोसळली, तेव्हा रस्ते आणि संपर्क दोन्ही तुटले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तिथं मदतीला जाणाऱ्यांना अंधारात डोंगर चढावा लागला. म्हणजे संकटात निरोप पोचवण्याचा प्रश्न हौशी पाहुण्यांपेक्षा डोंगरात राहणाऱ्यांचा जास्त आहे.

समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांसाठी इस्रोनं संकटाचा इशारा देणारं यंत्र केलं आहे. नावेवरून बटण दाबलं की उपग्रहामार्फत किनाऱ्यावर खबर जाते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात तर ‘निरोप पोचला’ अशी पोचही परत मिळते. समुद्रात जे होतं ते सह्याद्रीत का होऊ नये? दरडीच्या धोक्याच्या आणि रेंज नसलेल्या प्रत्येक वाडीला असं एक यंत्र, सरकारच्या नोंदणीखाली, पोलीस पाटलाच्या किंवा आशाताईच्या ताब्यात द्यावं. ट्रॅक्टर आणि ठिबकला अनुदान देता येतं, तर याला का नाही?

तोवर ग्रामपंचायतीनं दोन कामं करावीत. रेंजची जागा कुठं आहे, ते दाखवणारी पाटी चुन्यानं का होईना रंगवावी, आणि वाडीच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवावी. दोन्हींचा खर्च शेळीच्या करडाएवढाही नाही. आणि पाहुण्यांनो, तुमची डोली वाहणाऱ्यांचा त्या दिवशीचा आवणीचा खाडा झालेला असतो, हे विसरू नका.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या वाडीवर जाणार आहे. पाटीसाठी पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा सोबत नेतो आहे. यंत्र मात्र मी नेऊ शकत नाही, ते सरकारनंच द्यायला हवं.