क्रमशः

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले की माझ्या पोटात गोळा येतो. एरवी दर आठवड्याला या सदराची जागा बेताची असते. भाजीच्या पिशवीपासून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापर्यंत कशावरही ती भरता येते. दिवाळीला मात्र जागा मोठी मिळते आणि वाचकांच्या अपेक्षाही फराळाच्या ताटासारख्या भरगच्च असतात. म्हणून यंदा एक कबुलीजबाबच देऊन टाकतो. मी, मराठीचा प्राध्यापक, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी सहकुटुंब सहपरिवार कोळ्याचा चित्रपट पाहून आलो. कोळी म्हणजे मासे धरणारा नव्हे, भिंतीवरचा.

गोष्ट २०२३ च्या जूनमधली. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ नावाचा चित्रपट लागला होता. २०१८ साली आलेल्या एका चित्रपटाचा हा दुसरा भाग. पहिल्याला ऑस्कर मिळाले होते आणि आमच्या चिरंजीवांनी तो घरी इतक्या वेळा पाहिला होता की संवाद त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक पाठ होते. हा दुसरा भाग भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत येणार होता आणि त्यांत मराठीही होती. माझी छाती फुगली. ‘पाहीन तर मराठीतूनच,’ असे मी जाहीर केले. पण आमच्या बाजूच्या थिएटरात, आमच्या सोयीच्या वेळेला, मिळाली ती इंग्रजीचीच तिकिटे. सौभाग्यवती म्हणाल्या, “भाषाभिमान पुढच्या रविवारी.” आईला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिलाही घेतले.

आईला इंग्रजी येत नाही. तेव्हा सातवीतल्या आमच्या धाकटीने तिच्या शेजारी बसून चित्रपटाचे चालू मराठी भाषांतर करण्याचे काम पत्करले. पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून रागाने पाहिले. मध्यंतरानंतर ते पुन्हा वळले, पण या वेळी रागाने नव्हे. म्हणाले, “बेटा, तो आत्ता काय म्हणाला?”

चित्रपटाचे काय सांगावे? रंगांचा नुसता पूर लोटला होता. कथानायक माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातला पोरगा. बाप कृष्णवर्णीय पोलीस, आई प्वेर्तो रिकोची. त्याच्यासारखे कोळी-वीर वेगवेगळ्या विश्वांत शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक विश्व वेगळ्या हाताने रंगवलेले आहे. त्याची मैत्रीण ग्वेन हिच्या विश्वात तर भिंतींचे रंग तिच्या मनाबरोबर बदलतात. बापाशी तिचे बिनसते तेव्हा मागची खोली ओल्या जलरंगासारखी ओघळू लागते. मी चटकन सौभाग्यवतींच्या कानात म्हणालो, “आपल्या भरतमुनींनी प्रत्येक रसाला रंग सांगितला आहे. करुणाचा कबुतरी, रौद्राचा तांबडा, अद्भुताचा पिवळा.” त्या म्हणाल्या, “तास घेऊ नका.”

मग आले मुंबॅटन. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेले शहर! तिथला कोळी-वीर पवित्र प्रभाकर. हा मूळचा २००४ सालच्या एका चित्रकथेतला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका आणि मेकाकूची मायाकाकू. ऑथेल्लोचा झुंझारराव करणाऱ्या देवलांना हे बारसे पाहून कौतुक वाटले असते. हा पवित्र माइल्सला शहर दाखवतो. इथे वाहनांची कोंडी, तिथेही वाहनांची कोंडी, आणि ही जागा जिथून इंग्रजांनी आमच्या वस्तू लांबवल्या! थिएटर टाळ्यांनी दणाणले. माइल्स ‘चाय टी’ म्हणतो तेव्हा पवित्र त्याच्यावर उखडतो, कारण चाय म्हणजेच चहा. त्यावर पोरे खुर्चीतून उठली. सातासमुद्रापलीकडच्या चित्रपटात आपल्या घरचा चहा निघाला की माणसाला किती आनंद होतो! मीही टाळी वाजवली. द्विरुक्तीचा दोष मी वर्षानुवर्षे निबंधांत तांबड्या शाईने दाखवतो, त्याला कधी टाळी मिळाली नव्हती.

तेवढ्यात आई म्हणाली, “अरे, हे तर तुझ्या अण्णांच्या त्या पुस्तकांसारखं दिसतंय.”

आणि खरोखरच तसे होते. पुढे वाचनात आले की मुंबॅटन रंगवताना त्या चित्रकारांनी १९७० च्या सुमाराची आपली इंद्रजाल कॉमिक्स डोळ्यांपुढे ठेवली होती. माझे वडील, म्हणजे अण्णा, पगाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडून तीच घेऊन येत. चार-चार अंक सुतळीने बांधलेले. त्यांतला फँटम ते स्वतः आधी वाचत आणि मग मला देत. अंधारात माझ्या डोळ्यांत पाणी आले. चष्मा पुसण्याचे निमित्त करून मी ते निभावले.

आता चित्रपटातला पेच. या सगळ्या कोळी-वीरांचा एक पुढारी आहे, मिगेल ओहारा. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक वीराच्या कथेत काही घटना ठरलेल्याच असतात. त्यांतली एक म्हणजे वीराच्या जवळच्या एका पोलीस कप्तानाचा मृत्यू. हे दुःख भोगावेच लागते. ते टाळले तर त्या वीराचे विश्वच कोसळेल. माइल्स मुंबॅटनमध्ये पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंगांना, वाचवतो आणि अपराधी ठरतो. मग त्याला कळते की आपले स्वतःचे वडील आता कप्तान होणार आहेत. सगळे मिळून त्याला सांगतात : तुझे वडील जाणार, तू सोस, आम्हीही सोसले, म्हणून तर आम्ही वीर झालो.

धाकटीने हे सगळे आजीच्या कानात ओतले. थिएटरात शांतता होती. त्या शांततेत आई मोठ्याने म्हणाली, “कुणी ठरवलं असं?”

दोन-चार माणसे हसली. मी खुर्चीत अंग चोरून घेतले.

माइल्स पळतो. शेकडो कोळी त्याच्या मागे लागतात. आणि आता बाप वाचणार की नाही, अशा ऐन मोक्याला पडद्यावर अक्षरे उमटली. त्यांचे शुद्ध मराठी एकच : क्रमशः! थिएटरात जो हाहाकार उडाला तो काय वर्णावा! “हे काय?” “पैसे परत द्या!” कोणी शिट्टी मारली. आमचे चिरंजीव कपाळाला हात लावून बसले. साप्ताहिकांतल्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या आमच्या पिढ्यांनी हा शब्द किती सोसला आहे! पण या मुलांना सबंध कथा एका बैठकीत संपवण्याची सवय. तरी बाहेर पडताना चिडलेला प्रत्येक जण पुढच्या भागाविषयीच बोलत होता. पहिल्या भागाची जगभरची कमाई ४० कोटी डॉलरांच्या आत होती, या दुसऱ्याची सुमारे ६९ कोटींवर गेली. क्रमशः या शब्दाची किंमत आमच्या संपादकांना पूर्वीपासून ठाऊक आहेच.

खरी हकीगत घरी आल्यावर घडली. जेवणे झाली होती. आई वाती वळत बसली होती. धाकटी एकदम म्हणाली, “बाबा, तुमचीपण तीच गोष्ट ना? अण्णाआजोबा गेले, म्हणून तुम्ही प्रोफेसर झालात.”

तिचा दोष नाही. हे वाक्य माझेच आहे. १९९३ साली, माझी दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर असताना, अण्णा हृदयविकाराने गेले. मग मी पहाटे वर्तमानपत्रे टाकली, दुकानात वह्या विकल्या आणि शिकलो. ही कथा मी दरवर्षी पहिल्या तासाला नव्या वर्गाला सांगतो. ‘दुःख माणसाला घडवते, वडील गेले नसते तर आज मी इथे उभा नसतो,’ हा तिचा शेवट. सत्कारसमारंभातही मी ती सांगितली आहे. लोक डोळे पुसतात.

मी होकार द्यायला तोंड उघडले. त्याआधीच आई म्हणाली, “ते असते तरी झाला असता. पुस्तकं यांनीच तर हातात दिली होती.” मग वातीकडे पाहत म्हणाली, “आणि जरा हसरा झाला असता.”

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

“तू भाषणात सांगतोस ना,” ती म्हणाली, “मी पहिल्या रांगेत बसून ऐकते. दरवेळी मला वाटतं, म्हणजे हे गेले ते बरंच झालं की काय?”

वाचकहो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. पारध्याने क्रौंच पक्ष्याला मारले, मादीने आक्रोश केला, वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला आणि जगाला रामायण मिळाले, हे मी वीस वर्षे शिकवतो आहे. त्या मादीला कोणी विचारले का, की हा सौदा तुला मान्य आहे काय? ती आमच्याच घरी वाती वळत बसली होती आणि तीस वर्षांत मी तिला विचारले नव्हते. आपले दुःख वाया गेले नाही, असे वाटावे म्हणून माणूस त्याला कारण चिकटवतो. मीही चिकटवले होते. पण तसे करताना मी अण्णांना माझ्या यशाची पायरी करून टाकले होते. दुःख सोसावे लागते, हे खरे. ते लागतच होते, असे म्हणणे खोटे.

पुढच्या खेपेला पहिल्या तासाला मी ती कथा सांगितली नाही. रद्दीवाल्याकडच्या सुतळीने बांधलेल्या चार अंकांची सांगितली. कोणी डोळे पुसले नाहीत. तास संपल्यावर दोन मुलांनी मात्र विचारले, “सर, ते अंक कुठे मिळतील?”

त्या चित्रपटाचा तिसरा भाग २०२४ च्या मार्चमध्ये येणार, असे आधी जाहीर झाले होते. तो पुढे ढकलल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरातली दोन्ही मुले हळहळली. चिरंजीव तर संतापून म्हणाले, “आजी, आता कधी कळणार त्याचे बाबा वाचतात की नाही ते?”

आई म्हणाली, “असू दे रे. तोवर आहेत ना ते.”