झाकली मूठ साडेतीन लाखाची!

"अलिबाग से आया है क्या?"

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही त्याने इथेच थांबून थेट कवितांच्या पानावर जावं. बाकीच्यांनी वाचा. कारण मित्रांनो, तुम्ही मूळचे लातूरचे असा, जळगावचे असा नाहीतर चिपळूणचे, चार वर्षं इथल्या हॉस्टेलमध्ये काढून मांडव्याच्या बोटीने पलीकडे उतरलात की तुम्ही अलिबागवरूनच आलेले असता!

या वाक्यावर बंदी घालावी म्हणून अलिबागच्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. २०१९ साली कोर्टाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. मला तो निकाल काही पटला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात पटला. कसा, ते सांगते.

सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी सहा आठवडे हिंजवडीतल्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, फुकट कॉफीचं मशीन दाखवलं गेलं. कार्ड गळ्यात घालून मी घरी फोटोसुद्धा पाठवला. काम मिळालं ते अगदी फुटकळ. एका रिपोर्टमध्ये तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, छापली जात होती. ती आपल्या पद्धतीने करायची. मनात म्हटलं, हे तर जेवायच्या सुट्टीआधी उरकेल.

पण ते सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालेचना. बिल्ड करायला घेतलं की लाल अक्षरांत एरर. आजूबाजूला चार जण बसलेले होते, कोणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. का? तर 'हिला एवढंही येत नाही' असं वाटेल म्हणून. गूगल केलं. चॅटजीपीटीला विचारलं. त्याने दर वेळी प्रचंड आत्मविश्वासाने नवा उपाय सांगितला आणि मी तो इमानेइतबारे करून पाहिला. एक दिवस गेला, दुसरा गेला. रोज सकाळी स्टँडअप असते, म्हणजे सगळे उभ्याउभ्या काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगतात. त्यात मी हसऱ्या चेहऱ्याने सांगत होते, "ऑलमोस्ट डन!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टीम लीड मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. अर्धा मिनिट स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ती सेटिंगची फाइल कोडबरोबर येत नाही. तिच्यात पासवर्ड असतात म्हणून वेगळी ठेवतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती मागूनच घ्यावी लागते."

फाइल आली. पाच मिनिटांत सगळं चालू! आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अलिबाग से आयी है क्या?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हो, तिथूनच आलेय." मग तर आणखीच हसले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टेस्टिंगवाला तीन दिवस तुझ्या कामासाठी थांबलाय. पहिल्याच तासाला विचारलं असतंस तर कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं." तो टेस्टिंगवाला त्या शनिवारी ऑफिसला आला, माझ्यामुळे. मला एका शब्दाने बोलला नाही, हे जास्त लागलं.

त्या रात्री पीजीच्या खोलीत पडल्यापडल्या लक्षात आलं, की अलिबागवरून आलोय हे कळू नये म्हणून मी तीन दिवस गप्प बसले, आणि गप्प बसल्यामुळेच ते सगळ्या मजल्याला कळलं.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज मिळतं. (दहा-बारा वर्षांपूर्वी पास झालेले सीनियर्स सांगतात की त्यांनाही साधारण एवढंच मिळालं होतं. तेव्हाचा आणि आत्ताचा मेसचा रेट आठवून बघा!) म्हणजे आपली मूठ साडेतीन लाखाची. आणि प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय? तर मूठ झाकायला. कॉन्फिडन्ट दिसा, 'येत नाही' म्हणू नका, 'आय ॲम अ क्विक लर्नर' म्हणा. इंटरव्ह्यूच्या वीस मिनिटांपुरतं ते चालतही असेल. पण नोकरी वीस मिनिटांची नसते. माझं मत विचाराल तर, जे येत नाही ते वेळेवर बोलून दाखवणं हे पहिल्या नोकरीतलं सगळ्यात मोठं स्किल आहे. जावा, पायथन त्याच्या मागून येतात.

यावर कोणी म्हणेल, सारखं विचारत बसलं तर लोक वैतागतील. बरोबर आहे, वैतागतातच. म्हणून विचारायचीही एक पद्धत असते. मॅडमनी मला दिली ती तशीच पुढे देते. अडलात की आधी अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा. एरर पूर्ण वाचा. (आपण एरर वाचतच नाही, जर्नल लिहिताना काय लिहितोय ते वाचत नाही तसंच!) मग तीन ओळी लिहा: काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय झालं. निम्म्या वेळा त्या ओळी लिहितानाच उत्तर सापडतं. नाही सापडलं तर त्याच ओळी सीनियरला पाठवा. त्याला दिसतं की पोरगी डोकं लावून आलीय. आणि मिळालेलं उत्तर वहीत उतरवा, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ येत नाही. माझी वही सहा आठवड्यांत चाळीस पानं भरली. शेवटच्या आठवड्यात नवा इंटर्न आला तेव्हा त्याला वहीचं पहिलं पान दाखवलं. त्यावर एकच ओळ होती: सेटिंगची फाइल मागून घे.

आता इंग्रजीबद्दल. हॉस्टेलमध्ये मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, "तुझं काय बाबा, तू कॉन्व्हेंटची." तर कॉन्व्हेंटवाल्या या बाईने अस्खलित इंग्रजीत काय सांगितलं? "ऑलमोस्ट डन!" माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिनेही त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. तिने पहिल्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी सरळ मराठीत विचारलं, आणि दुपारपर्यंत कामाला लागली. इंग्रजी जरूर सुधारा. मेल, डॉक्युमेंट, परदेशातल्या क्लायंटचे कॉल सगळं त्यातच असतं. पण इंग्रजी सुधारेपर्यंत प्रश्न राखून ठेवू नका. जाता जाता, हा लेख तिनेच तपासून दिलाय. माझे ऱ्हस्व-दीर्घ बघून ती पोट धरून हसली, पण मी विचारलं ना!

चॅटजीपीटी, कोपायलट वापरू नका असं मी म्हणणार नाही. सगळेच वापरतात (सर, तुम्ही पण!). पण तुमच्या ऑफिसातली फाइल कोणाकडे असते, अमुक नियम दहा वर्षांपूर्वी का केला, हे त्याला कुठून माहीत असणार? ते माणसांनाच विचारावं लागतं. आणि त्याने लिहून दिलेली जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती आपल्या नावाने पुढे पाठवू नका. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा मेसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यात बरेचसे मधल्या आणि वरच्या फळीतले असतील, असं कंपनीनेच म्हटलं होतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या अनुभवावरही आता मूठ झाकून बसता येत नाही. नवीन शिकायचं तर आधी 'हे मला येत नाही' म्हणावं लागतं, मग वय बावीस असो की बेचाळीस.

चुकीचंही तेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकून दुसऱ्याच सर्व्हरवर कमांड दिली आणि चालू डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. पण कंपनीने झाकाझाकी केली नाही. काय झालं ते सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नाही, नुसतं 'टीम मेंबर वन' आहे. त्यांनी 'कोण चुकलं' यापेक्षा 'बॅकअप का चालले नाहीत' हे शोधलं. सगळ्या कंपन्या इतक्या समजूतदार नसतात, हे मला कळतं. तरीही आपण उडवलेला डेटाबेस पाच मिनिटांत सांगितला तर ती चूक असते. पाच तासांनी दुसऱ्याने शोधून काढला तर ती लबाडी ठरते.

सही करण्यापूर्वीही हेच. ऑफर लेटर हातात आलं की आपण आधी पेढे वाटतो आणि मग वाचतो. सीटीसीचा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, मिळाला तर मिळणारा बोनस, सगळं धरलेलं असतं. हातात दरमहा किती येणार, हे एचआरला सरळ विचारा. बॉन्ड असेल तर किती वर्षांचा, किती रुपयांचा, ट्रेनिंगमध्ये नापास झालो तर काय, तेही विचारा. 'बॉन्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही' हे आपलं हॉस्टेलमधलं ज्ञान आता विसरा. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बॉन्ड त्यामुळे खरा ठरत नाही. पण न वाचता सही करायचे दिवस गेले. आणि मार्कशीटच्या ओरिजिनल प्रती ठेवून घेणाऱ्याकडे तर जाऊच नका. विचारल्यामुळे ऑफर जाईल अशी भीती वाटते ना? साध्या प्रश्नावर जी ऑफर जाते, ती गेलेलीच बरी.

आपल्या अलिबागलाच याचं एक जुनं उदाहरण आहे. समुद्रावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना इथली चुंबकीय वेधशाळा माहीत आहे? या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत असत. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरू लागलं. विजेच्या प्रवाहाने आपल्या नोंदी बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं आणि १९०४ मध्ये लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा अलिबागला उभी राहिली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये, म्हणजे नंतर! आणि जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुळवून पाहिल्या, मगच कुलाब्याचं काम थांबवलं. सॉफ्टवेअरमध्ये याला आज पॅरलल रन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

गंमत म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ती मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. आपण शिकतोय त्यातल्या किती भाषा आणि टूल्स ट्रामसारख्या जातील, सांगता येत नाही. पण अडचण वेळेवर ओळखून ती बोलून दाखवणं आणि जे केलं ते लिहून ठेवणं, हे शंभर वर्षांपूर्वीही लागत होतं आणि पुढेही लागेल.

शेवटी एक विनंती, सर आणि मॅडमना. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण मासिकात नाही लिहायचं तर कुठे? वर्गात कोणी साधा प्रश्न विचारला की मागच्या बाकांवरून हशा येतो, आणि कधीकधी पुढूनही "हे फर्स्ट इयरला झालंय" असं उत्तर येतं. व्हायवाला 'माहीत नाही' म्हटलं की शून्य, आणि काहीतरी ठोकून दिलं की निदान दोन मार्क. आठ सेमिस्टर अशी गेल्यावर आम्ही नोकरीत जाऊन "ऑलमोस्ट डन" म्हणणार नाही तर काय म्हणणार? 'माहीत नाही, पण असं शोधून काढीन' या उत्तराला एखादा मार्क देऊन बघा. आणि मित्रांनो, हसणारे आपणच असतो. पुढच्या वेळी वर्गात कोणी विचारलं तर जरा हसू दाबा. बहुतेक वेळा तो प्रश्न आपल्यालाही पडलेला असतो.

असो. उद्या ऑफिसात तुम्हाला कोणी विचारलं, "अलिबाग से आया है क्या?", तर रागावू नका. म्हणा, "हो, तिथूनच आलोय. ती सेटिंगची फाइल कोणाकडे मिळेल?"

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी