माग खुला केला, धंदा बुडाला नाही

मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळताना दिसला की आपल्या घरात दोनच गोष्टी घडतात. एक तर बाप ओरडतो, नाही तर मुलाला कुठल्याशा क्लासमध्ये घालून, फी भरून मोकळा होतो. मुलगा सर्टिफिकेट घेऊन येतो, पण ज्या गेमचे त्याला वेड आहे तो आतून चालतो कसा, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. कापडाच्या धंद्यात उमर घालविलेल्या आम्हाला ही गोष्ट खटकते. ज्याने माग कधी उघडून पाहिला नाही, त्याला आपल्या बाजारात कारागीर म्हणत नाहीत.

म्हणून एका कंपनीची हकिकत येथे सांगावीशी वाटते. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 'आयडी सॉफ्टवेअर'ने 10 डिसेंबर 1993 रोजी 'डूम' हा गेम काढला. पहिला भाग नमुना म्हणून फुकट, आवडल्यास पुढचे भाग पैसे देऊन मागवा, अशी तिची विक्रीची रीत होती. गिऱ्हाईकाला ताका उलगडून कापड हाताला लावू द्यावे, तसाच हा प्रकार. गेम जगभर गेला. पुढे 23 डिसेंबर 1997 रोजी कंपनीचा प्रमुख प्रोग्रामर जॉन कारमॅक याने डूमचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामर स्वतःच्या हाताने लिहितो तो मजकूर. बाजारात विकला जातो तो त्यापासून मशीनसाठी तयार केलेला माल. तो चालविता येतो, वाचता येत नाही.

मग कंपनीने सगळेच वाटून टाकले काय? नाही. जॅकार्डवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. जॅकार्डचा माग एक, त्यावर चढविण्याची छिद्रांची कार्डे वेगळी. कार्डे बदलली की माग तोच, नक्षी दुसरी. डूमची रचनाही अशीच आहे. गेम चालविणारा प्रोग्राम वेगळा आणि त्याचे नकाशे, चित्रे, आवाज वेगळ्या फाईलमध्ये. कंपनीने माग खुला केला, कार्डे स्वतःकडे राखली. पूर्ण गेम खेळावयाचा तर ती फाईल विकतच घ्यावी लागे.

यात खैरात नव्हती, हेही सांगितले पाहिजे. 1996 मध्ये कंपनीचा नवा 'क्वेक' बाजारात आला होता. जुन्या मागाची कमाई बहुतेक वसूल झाली होती. हिशेब व्यापाऱ्याचाच, पण व्यवहार साफ. गेममधील आवाज चालविणारा भाग दुसऱ्याकडून घेतलेला होता. तो वाटण्याचा हक्क कंपनीला नव्हता, म्हणून तो वगळून लिनक्सवर चालणारी आवृत्ती देण्यात आली. दुसऱ्याची अमानत वाटून कोणी सखी होत नाही. आधी अट होती की या कोडवर नफा कमवू नये. 1999 मध्ये तो जनरल पब्लिक लायसन्सखाली आला. त्याची अट अशी की वापरा, बदला, विकाही, पण बदललेला प्रोग्राम ज्याला द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही दिला पाहिजे. स्वतः शिकलात, तर पुढच्याचा रस्ता अडवू नका.

नुकसान झालेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर 1999 मध्ये क्वेकचा कोड खुला झाला, तेव्हा काही लबाडांनी आपल्या कॉपीत फेरफार करून नेटवर्कवरील खेळात फसवणूक सुरू केली. पण धंदा बुडाला काय? डूमचा कोड खुला होऊन 26 वर्षे उलटल्यावर, 2024 मध्ये, डूम आणि डूम-2 एकत्र करून पुन्हा विक्रीस आले. कोड जगाच्या हाती असल्यामुळे लोकांनी हा गेम नवनव्या मशीनवर चालविला आणि जुना माल विस्मरणात गेला नाही.

आपल्या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्डचा माग 1806 मध्ये सार्वजनिक मालमत्ता ठरविण्यात आला. जॅकार्डला पेन्शन मिळाली, शिवाय प्रत्येक मागामागे रॉयल्टी. 1812 पर्यंत फ्रान्समध्ये असे 11,000 माग चालू होते. हुनर खुले झाले, हुनरमंद उपाशी राहिला नाही.

कोणी म्हणेल, डूममध्ये रक्तपात आहे, सैतानी चित्रे आहेत, ते मुलांना द्यावे काय? ती चित्रे आम्हालाही पसंत नाहीत. पण ती कार्डे आहेत, माग नव्हे. 1996 मध्ये अमेरिकेत नाश्त्याच्या 'चेक्स' डब्यांतून 'चेक्स क्वेस्ट' नावाचा मुलांचा गेम वाटला गेला. तो डूमच्याच मागावर विणलेला होता, पण त्यात रक्त नव्हते. शत्रूला मारायचे नाही, त्याच्या मुलखात परत पाठवायचे. आपल्या मुलांनी आपल्या पसंतीची कार्डे कापावीत, हाच तर आमचा मुद्दा आहे.

शिकणार कसे? फार महागडी मशीन लागत नाही. 'चॉकलेट डूम' या नावाने जुन्या कोडची सांभाळलेली आवृत्ती आजच्या कॉम्प्युटरवर चालते. सी भाषेची तोंडओळख झालेल्या मुलाने तो कोड उघडावा. चित्र काढणाऱ्या फाईलींची नावे 'आर' अक्षराने, खेळाचे नियम चालविणाऱ्यांची 'पी'ने सुरू होतात. 'इम्प' नावाच्या राक्षसाची ताकद 60 या आकड्याने लिहिली आहे. तेथे 600 करावे, प्रोग्राम पुन्हा तयार करावा आणि खेळून पाहावे. खेळाचा हिशेब सेकंदाला 35 वेळा होतो, तो कोठे होतो हे शोधावे. मोडले तर मूळ कोड शाबूत आहेच. अशा दहा दुरुस्त्यांतून जे समजेल, ते नुसत्या सर्टिफिकेटने समजणार नाही. मात्र शेजारी बसून चूक दाखविणारा उस्ताद असेल तर काम लवकर होते. आपल्या बिरादरीत नोकरीला लागलेले प्रोग्रामर आता कमी नाहीत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी.

आणि आता थोडे आपल्या बाजाराविषयी. आमच्या ओळखीचे एक डिझाइन मास्टर होते. काठाची नक्षी ग्राफवर उतरविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शागीर्द खोलीत आला की ते कागद उलटा करीत. हुनर दिले तर रोजी जाईल, ही भीती. ते अल्लाहला प्यारे झाले आणि ग्राफच्या गुंडाळ्या रद्दीच्या भावात गेल्या. ते वाचू शकेल असा एकही माणूस त्यांनी तयार केला नव्हता. त्यांची रोजी त्यामुळे वाढली नाही आणि पुढच्यांची मात्र गेली. दोष त्यांचा एकट्याचा नाही. आम्ही व्यापारीही त्यांना हेच सांगत होतो की नक्षी बाहेर जाऊ देऊ नका.

ताजी नक्षी राखावी, हा प्रत्येकाचा हक्क आहे. परंतु जिची कमाई होऊन गेली, ती कुलूपबंद ठेवून कोणाचे भले होते? इल्म दडवून ठेवणे आपल्या दीनमध्ये चांगले मानलेले नाही. टेक्सासच्या कंपनीने चार वर्षे कमावले आणि मग माग उघडला. आपल्याकडील जुन्या मास्टरांचे ग्राफ, रंगाचे हिशेब, आपल्या मुलांनी लिहिलेले जुने प्रोग्राम हेही असेच उघडले पाहिजेत. जे मास्टर आज हयात आहेत, त्यांच्यापासून ही सुरुवात व्हावी.