निसर्गाशी जोडायचंय? मग आधी तो स्लॅब पाडा

तेल अवीवमध्ये बेन गुरियन बुलेवार्डवरून झाडांच्या सावलीत सरळ पश्चिमेला चालत गेलात तर शेवटी समुद्र लागायला पाहिजे. लागतं काय, तर काँक्रीटचं धूड. किकार अतारीम. याकोव्ह रेख्तर या वास्तुविशारदाने आखलेला, १९७० च्या दशकात उभा केलेला चौक. खालून गाड्या, पोटात पार्किंग आणि दुकानं, माणसं वर उन्हात. आता म्हणे तो नव्याने करून लोकांना निसर्गाशी जोडायचं. योजना वर्षानुवर्षं येतायत, मनोरे किती नि केवढे यावर भांडणंही तेवढीच.

मी सुपरवायझर माणूस, मला चित्रांपेक्षा वजन आधी दिसतं. ओली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. मोठ्या झाडाला एक-दीड मीटर माती लागते, म्हणजे चौरस मीटरला दोन-तीन टन बोजा. माणसांच्या गर्दीसाठी स्लॅब साधारण अर्धा टन धरून काढतात. त्यात समुद्राची खारी हवा. मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि कव्हर सुटतं. कव्हर ब्लॉक नीट लावला नाही म्हणून शिव्या खाणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा जुन्या स्लॅबवर कुंड्या मांडून निसर्ग आणू पाहणाऱ्यांना हात जोडावे. झाड जमिनीतच लावा, त्यासाठी चौक खाली आणा. याच शहरात डिझेंगॉफ चौक १९७८ मध्ये वर उचलला होता, तो चाळीस वर्षांनी पुन्हा रस्त्याच्या पातळीवर आणला. म्हणजे जमतं.

पण पाडणार कोण? सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलसाठी भरती झाली. शटरिंग, सळई, प्लास्टर, टाइल. नेमकी हीच कामं या चौकाला लागणार. असल्या योजनांच्या चित्रांत मुलं असतात, सायकल असते, कुत्रंसुद्धा असतं. हेल्मेटवाला एकही नसतो. निसर्गाशी आमचं नातं तुटलंय कधी? ऑगस्टची दमट दुपार आम्ही डोक्यावर घेतो. सळई हातमोज्यातून चटका देते.

म्हणून माझं म्हणणं, निसर्गाचा हिशोब काम सुरू होईल त्या दिवसापासून धरा. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं. तिथलं सगळं चांगलं आहे असं नाही, पण एवढं तरी लिहून ठेवलंय. या कामाच्या करारातही तसं लिहा. ब्रेकर चालतो तिथे पाण्याचा फवारा हवाच, कारण काँक्रीटची सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला गमछा बांधणं म्हणजे मास्क नव्हे. आणि सुरक्षेची सूचना हिंदी-मराठीत सांगा. हिब्रू कागदावर अंगठा घेऊन कुणी सुरक्षित होत नाही.

दुसरं, चौक झाल्यावर. सुट्टीच्या दिवशी आपला माणूस तिथे गेला तर बसेल कुठे? कॉफी घेतल्याशिवाय खुर्ची मिळत नसेल तर तो निसर्ग गिऱ्हाइकांचा. फुकट बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छ संडास आणि खरी सावली द्या. शुक्रवार संध्याकाळपासून बहुतेक बस बंद असतात. २०१९ पासून तेल अवीवने शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी फुकट बस सुरू केल्या, पण आपली राहायची ठिकाणं बरीचशी त्या मार्गांवर नाहीत. समुद्र मोकळा केला नि तिथवर पोचायला टॅक्सीचे पैसे मोजायला लागले, तर आमच्यासाठी भिंत होती तशीच राहिली.

भावांनो, अशा कामावर नाव लागलं तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारा: दुपारची सुट्टी किती, मास्क कुठला, पाणी कुठे. एकट्याने नाही, चार-पाच जण मिळून विचारा. उत्तर मिळालं की तारीख घालून मोबाइलमध्ये लिहून ठेवा.