आरोग्यचर्चा : गुडघ्याची दुखापत व गुडघेदुखी

मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस आषाढ-श्रावणात आमच्या वाटा कशा असतात हे सांगावयास नको. ताम्हिणीकडील उतार असो की घराच्या मागील दारची पायरी असो, सर्वत्र शेवाळ धरलेले. त्यातच भातलावणीचे दिवस. चिखलात पाऊल रुतलेले राहते आणि वरचे अंग वळते. सारा पीळ गुडघ्यावर येतो. पुण्याहून घनगड-कोरीगडावर येणारी तरुण मंडळी चढताना दमाने चढतात, पण उतरताना धावत सुटतात. वस्तुतः गुडघ्याची परीक्षा चढणीपेक्षा उतरणीवर अधिक होते. पायऱ्या उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वाटीमागील सांध्यावर पडतो.

सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत, त्यांत जानु हे एक आहे. त्याची गणना त्याने वैकल्यकर मर्मांत केली आहे. म्हणजे तेथे आघात झाला असता प्राण जात नाही, परंतु मनुष्य लंगडा होतो. आजचे शारीरशास्त्र पाहिले तर हे वर्गीकरण किती मार्मिक आहे ते कळते. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर केवळ टेकलेले असते. खुब्याच्या सांध्याप्रमाणे येथे खोलगट खोबण नाही. त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात ते चार बळकट बंध : दोन बाजूंस, आणि दोन आत एकमेकांस छेदून गेलेले. मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असून सांध्यात थोडासा स्निग्ध द्रव असतो. पीळ बसला की बंध तुटतो किंवा गादी फाटते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने कूर्चा झिजते. दुखापत व झीज हे दोन निराळे विकार आहेत आणि त्यांचे उपायही निराळे आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

कोणी पडले की आपल्या घरांत पहिली हाक तेलाच्या बुधलीस जाते. हळद गरम करून लेप, वर खसाखसा चोळणे, आणि जवळपास हाडवैद्य असेल तर पाय ओढून घेणे! पहिले दोन दिवस यांतील काहीही करू नये. आत रक्तस्राव चालू असतो; उष्णतेने व चोळण्याने तो वाढतो. पाय उशीवर उंच ठेवावा, बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवावा, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवावा, आणि लवचिक पट्टा बेताचा घट्ट बांधावा. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी चालेल.

मात्र काही लक्षणे अशी आहेत की त्यांत घरगुती उपायांवर विसंबणे घातक होय. चार पावलेही टाकता येत नाहीत. गुडघा काटकोनात वाकत नाही. वाटीवर बोट ठेवताच असह्य दुखते. अथवा वय ५५ च्या वर आहे. यांपैकी काहीही असेल तर अस्थिभंगाची शंका धरून क्ष-किरण परीक्षा करवावी. पडल्यापासून तास-दोन तासांत गुडघा टरटरून सुजला तर आत रक्त साठले असे समजावे; आतील बंध तुटल्याचे हे पुष्कळदा लक्षण असते. गुडघा मधेच अडकतो व सरळ होत नाही, हे फाटलेल्या गादीचे चिन्ह. आणि गुडघा लाल, ऊन व सुजलेला असून ताप असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाल्यास थोड्याच दिवसांत कूर्चा नष्ट होते.

आता झिजेकडे वळू. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, विशेषतः पन्नाशीनंतर. आमच्या एकत्र कुटुंबांतून याचे जे स्वरूप दिसते ते लिहावयास थोडा संकोच वाटतो, परंतु लिहिणे अवश्य आहे. काकू किंवा आजी पहाटे उठतात, जमिनीवर बसून भाजी चिरतात, पाटावर बसून पूजेची तयारी करतात, चार वेळा उठबस करतात. दुखते असे त्या सांगत नाहीत. कोणी विचारले तर 'वय झाले' हे उत्तर ठरलेले. पुढे त्या माडीवर जाणे टाळू लागतात, मग देवळात जाणे सुटते, मग लग्नकार्यास जाणे. घरातील कर्त्या पुरुषांस हे दिसत कसे नाही? चालणे थांबले की मांडीचे स्नायू क्षीण होतात, वजन वाढते, रक्तदाब व मधुमेह बळावतात, आणि गुडघा अधिकच दुखू लागतो.

यावर सर्वांत गुणकारी औषध व्यायाम होय, हे आजचे वैद्यकशास्त्र निःशंकपणे सांगते. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत ताठ धरावा, हळूच खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. अंथरुणावर पडून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे हाही सोपा प्रकार आहे. फळ दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत कंटाळून सोडू नये. सपाट वाटेने रोज चालावे. स्थूल व्यक्तीने वजन एक किलोने घटविले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. घरात ओट्याशी उंच बैठक, न्हाणीघरात धरावयास दांडी, शौचकूपात खुर्चीसारखे आसन, एवढी सोय करण्यास फारसा खर्च येत नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावयाची असते. बहुतेक लोक ती उलट धरतात.

जुन्या झिजेत गरम शेक व तेल यांनी आराम वाटतो, तो अवश्य घ्यावा. त्याने झिजलेली कूर्चा पुन्हा येत नाही एवढेच. दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्महिने घेतल्यास मूत्रपिंड व जठर बिघडते. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो तेव्हा तीत स्टेरॉइड मिसळले असण्याचा संभव असतो.

हे सर्व करूनही रात्रीची झोप मोडत असेल व घरात चार पावले चालणेही कठीण झाले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला; तेव्हापासून ही शस्त्रक्रिया घरोघर माहीत झाली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या बसण्याउठण्याचा विचार करून स्वतंत्र कृत्रिम सांधा तयार केला. किमतीची भीती पूर्वी रास्त होती; दीड लाखांच्या घरातील सांध्याच्या साहित्यास ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने ५४,७२० रुपये व कर अशी कमाल मर्यादा घातली. ही केवळ सांध्याची किंमत होय. रुग्णालयाचा खर्च निराळा, तो आधी लेखी विचारून घ्यावा. बहुतेक कृत्रिम सांधे वीस वर्षे वा अधिक टिकतात, म्हणून चाळिशीतच घाई करू नये आणि सत्तरीत निष्कारण लांबवूही नये. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन महिने व्यायाम चुकता कामा नये; घरातील एका माणसाने ते काम नेमून घ्यावे. जमिनीवर मांडी घालून बसणे मात्र पुढे बहुधा सोडावे लागते. तेव्हा पूजेसाठी उंच चौरंग व खुर्ची, आणि पंगतीच्या कडेला आजीकरिता मेज, ही तयारी त्या रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच झालेली असावी.