पडताळणी कार्यालयांचीही करा

दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीचा विषय निघाला की सरकारी कार्यालयांत एकच कुजबुज चालते: खरा कोण आणि खोटा कोण? ज्याला कमी ऐकू येते किंवा ज्याचा आजार अंगावर दिसत नाही, असा कर्मचारी टेबलाशी बसल्या बसल्या संशयित ठरतो. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी लाटणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. तो हिसकावतो ती खऱ्या दिव्यांगाच्या हक्काची जागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे, ती त्यासाठीच.

संताप येतो तो पडताळणी एकतर्फी असल्याचा. कर्मचाऱ्याच्या शरीराची टक्केवारी पुन्हा पुन्हा मोजली जाते. तो ज्या कार्यालयात काम करतो, ते कोणी मोजत नाही.

कार्यालय न मोजता फक्त माणूस मोजला की काय होते, हे प्रांजल पाटील यांच्या उदाहरणात दिसते. मूळच्या उल्हासनगरच्या प्रांजल यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निकालात त्या ७७३ व्या आल्या. त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली आणि रेल्वेने नेमणूक नाकारली. कारण दिले शंभर टक्के अंधत्वाचे. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या, एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी झाल्या आणि १४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी तिरुवनंतपुरमच्या सब कलेक्टरपदाची सूत्रे हाती घेतली.

आता ही दोन कामे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. लेखा सेवेत हिशेब, लेखे, खर्चाची छाननी, आर्थिक सल्ला. बहुतेक काम एका जागी बसून, आकड्यांशी आणि आज तर संगणकावरच. सब कलेक्टर म्हणजे साधारण आपल्याकडचे प्रांत. जमिनीचे तंटे, महसुली अपिले, दंडाधिकाऱ्याचे अधिकार, पाऊसपाण्याच्या संकटात फिरती, दाराशी लोकांची रीघ. यातले अवघड काम कोणते, हे तहसील कचेरीत एकदा गेलेला माणूसही सांगेल. अवघड काम सोपवले गेले आणि सोपे नाकारले गेले. डोळे तेच होते, सरकारही भारताचेच होते. मग ‘काम जमणार नाही’ हा निष्कर्ष रेल्वेने काढला कशावरून? कोणते पद कोणत्या अपंगत्वाला चालेल, याच्या याद्या सरकार करते. पण काम आजवर ज्या रीतीने होत आले, तीच एकमेव रीत आहे असे मनाशी धरून निर्णय घेतला, की असे घडते.

रीत बदलायला फार पैसा लागतो असेही नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते मराठीही वाचते. ते अडते कुठे? स्कॅन केलेल्या परिपत्रकापाशी! सही-शिक्क्यासह स्कॅन करून पाठवलेला आदेश म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते चित्र आणि अंध लिपिकाच्या लेखी कोरा कागद. मूळ टंकलिखित फाइल सोबत जोडायला अर्धे मिनिट पुरते. अंध कर्मचाऱ्याचे काम डोळ्यांमुळे जितके खोळंबते, त्याहून अधिक या स्कॅनरमुळे खोळंबते, असे या सदराचे ठाम मत आहे. आकडा कोणी मोजलेला नाही, मोजायला हवा.

कायदा अपुरा आहे, ही सबबही चालणार नाही. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. पाय गमावलेल्या एका शिपायाच्या, कुणाल सिंग यांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच जुन्या कायद्याच्या आधारे हे संरक्षण मान्य केले. २०१६ च्या कायद्याचे २० वे कलम तेच सांगते. २३ वे कलम तर प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावते आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी असे बजावते.

राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग २०२२ च्या डिसेंबरपासून आहे. प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा तक्ता मागवताना त्याने कार्यालयांसाठीही रकाने घालावेत: उद्वाहन चालू आहे का, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची जाते का, आदेश वाचता येतील अशा स्वरूपात दिले जातात का, तक्रार निवारण अधिकारी कोण. आणि सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांनी तक्त्याची वाट न पाहता आपल्या आस्थापना शाखेत त्या अधिकाऱ्याचे नाव विचारावे. तोंडी मिळाले नाही, तर लेखी मागावे.